सहाची गाडी आणि आजीचे नारळ

उभ्या सिंधुदुर्गात स्वतःचं पोट कमी करण्यासाठी वेळापत्रक लिहून भिंतीला टांगणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. वेळापत्रक म्हणजे अगदी खरंखुरं. सुटण्याची वेळ, थांबे, प्रत्येक थांब्यावर पोचण्याची वेळ, परतीची वेळ, आणि सगळ्यात खाली लाल शाईत ‘गाडी कोणासाठीही थांबणार नाही’. यातली गाडी म्हणजे स्वतः मामा. बत्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. निवृत्तीनंतर हाताखाली गाडी उरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःलाच रस्त्यावर आणलं. त्यांची सख्खी आई सोडली तर सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, त्यामुळे मीही इथे मामाच म्हणणार आहे.

नोकरीत असताना मामांचं वजन एकशे बारा किलो होतं आणि ते लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. केला असता तरी साधला नसता. पोट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये सुरुवातीला बोटभर जागा होती, शेवटच्या वर्षांत तीही मिटली. वळण जरा जोरात घेतलं की हॉर्न आपोआप वाजायचा, आणि वाडीतल्या बायका चुलीपुढून न उठता ‘मामाची गाडी तिठ्यार इली’ म्हणून सांगायच्या. वक्तशीरपणा इतका की एका भाऊबीजेला मामा पाटावरून उठून चालू लागले, कारण तीन वाजून पाच मिनिटांनी त्यांची गाडी सुटायची होती. बहीण तबक घेऊन स्टँडवर गेली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून तिने भावाला ओवाळलं. ती बहीण म्हणजे माझी सासू. ती अजूनही सांगते की ओवाळून होईपर्यंत त्याने इंजिन चालूच ठेवलं होतं.

पाच वर्षांपूर्वी, निवृत्त होऊन सहा महिने झाले असतील, मामा जेवून उठताना घामाने डबडबले आणि पडवीत बसकण मारून राहिले. त्यांना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. इकडे घरी त्यांची आई, म्हणजे आमच्या आजी, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या, देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडून उभ्या राहिल्या. “आवशी, माजो झील घराक येवंदे. त्येका तुझ्या दारात नारळांनी तोलतलंय,” असं मुलासाठी देवीला म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण देवीशी घासाघीस करायला नको म्हणून त्यांनी आपणहून भर घातली, “आणि नारळ माज्या हातच्या माडांचे.”

मामा चार दिवसांत परत आले. हृदय शाबूत निघालं, पण रक्तदाब आणि साखर दोन्ही चढलेली होती आणि वजन उतरवल्याशिवाय ती खाली येणार नव्हती. नवस मात्र आता फेडायला आला होता. आमच्या देवीच्या जत्रेला मंडपात मोठा तराजू बांधतात. एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात ज्याचा जसा नवस तसा गूळ, केळी किंवा सोललेले नारळ. आता एकशे बारा किलोचा माणूस उचलायचा म्हणजे दोनशेच्या घरात नारळ हवेत. आजींनी लग्न होऊन आल्यावर स्वतः लावलेले माड सात. तेही आता म्हातारे. त्यांच्यावरची शहाळी माकडं फोडून पितात, उरलेल्यातले नारळ चतुर्थीला जातात, आणि आमच्याकडे नारळाचं वाटण घातल्याशिवाय आमटीसुद्धा होत नाही. बाजारातून दोन पोती आणावीत तर नवसाचे शब्द आड येत होते. पहिल्या जत्रेला पडवीतल्या ढिगात नव्वद नारळ होते आणि मामा होते तेवढेच होते. नवस पुढच्या वर्षावर गेला.

त्या दिवसापासून मामांनी धास्ती घेतली. “मास्तरानू,” ते मला म्हणाले (मी इथल्या हायस्कुलात शिकवतो, म्हणून जावई असूनही मास्तर), “आयेचा वय काय कमी आसा? नवस डोक्यार घेवन ती गेली तर मी खंयच्या तोंडान जगू?” माडांना जास्त नारळ धरायला लावणं त्यांच्या हातात नव्हतं. मग हातात राहिलं एकच, पारड्याची दुसरी बाजू.

ती बाजू हलकी करण्यासाठी मामांनी पहिल्या वर्षी जे केलं, ते कोणी करू नये म्हणून सांगतो. मुंबईच्या एका भाच्याने डब्यातली पावडर पाठवली, ती पाण्यात कालवून दोन्ही वेळच्या जेवणाऐवजी प्यायची. मामा ती आठ दिवस प्यायले आणि नवव्या दिवशी विहिरीवर कळशी ओढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. मग कोणीतरी सांगितलं म्हणून भात पूर्ण सोडला. मग मासे सोडले. मासे सोडलेला माणूस मालवणात कसा दिसतो ते मी त्या अकरा दिवसांत पाहिलं. ते कोणाशी बोलत नसत, फक्त शेजाऱ्यांच्या धुराकडे बघत बसत. बाराव्या दिवशी शेजारी बांगडे तळले आणि मामा न बोलावता तिथे जाऊन सात बांगडे खाऊन आले. वर्षाअखेर चार किलो उतरून पाच किलो चढले होते. ढीगही कोंब फुटल्यामुळे अर्धा झाला होता. आजींनी ते कोंब फुटलेले नारळ कुंपणालगत लावून टाकले. दुसरी जत्राही अशीच गेली.

त्यांना वाटेवर आणलं ते गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. मामा तपासायला गेले आणि म्हणाले, “पुढच्या जत्रेच्या आत तीस किलो उतरवा, काय ती गोळी द्या.” बाईंनी विचारलं, “मामा, कोल्हापूरहून येताना फोंड्याचा घाट तुम्ही कसा उतरायचात?” मामा म्हणाले, “गिअरात. बारीक गिअर टाकायचा आणि सावकाश यायचं.” “नुसते ब्रेक दाबून आलात तर?” “ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत.” “मग तुम्ही वर्षभर काय करताय?” बाईंनी विचारलं. मामा दवाखान्यातून बाहेर आले ते तडक घरी गेले आणि एक पुठ्ठा शोधून त्यावर पट्टीने रेघा मारायला बसले.

असं ते वेळापत्रक जन्माला आलं. आरोग्यासाठी चालायला जा म्हटलं असतं तर मामा चार दिवस गेले असते. पण वेळापत्रकात गाडी लागली म्हणजे ती सोडायलाच हवी, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सकाळी सहाला गाडी अंगणातून सुटते. पहिला महिना फक्त पिंपळाच्या पारापर्यंत. त्यात त्यांना धाप लागायची. पुढल्या महिन्यात सोसायटीपर्यंत, मग शाळा, मग तिठा, असं करत दहा महिन्यांनी गाडी देवळापर्यंत पोचली. एकदम लांबचा पल्ला का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, “नव्या मार्गार पयली गाडी रूळता की नाय ता बघतत, मगे फेऱ्यो वाढवतत.” प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं उभं राहायचं, कोणी असो वा नसो. पहिले दोन महिने कोणीच नव्हतं. मामा एकटेच पारापाशी उभे राहत, घड्याळ बघत आणि पुढे निघत. लोक हसले. मग एक दिवस सोसायटीच्या थांब्यावर गुडघेदुखीची एक बाई पदर खोचून उभी दिसली. मग पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. साखर वाढलेले दोघे भाऊ आले, जे वाटणीपासून एकमेकांशी बोलत नव्हते आणि अजूनही बोलत नाहीत, पण एकाच गाडीने जातात. मी स्वतः शाळेच्या थांब्यावर चढतो. एकदा अर्ध्या मिनिटाने चुकलो, मामा समोर दिसत होते, मी हाक मारली, त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुपारी भेटले तेव्हा म्हणाले, “सुटली ती सुटली, मास्तरानू.” एकदा त्यांचाच गुडघा धरला तेव्हा ते पारावर बसले आणि सगळ्या प्रवाशांना गंभीरपणे म्हणाले, “गाडी बंद पडली. तुमी फुडे जावा.” पावसाळ्यात छत्री घेऊन, शिमग्यात तोंडावरचा रंग पुसत, सहाची गाडी सुटत राहिली.

खाण्याचंही त्यांनी गिअरातच घेतलं. भात सोडला नाही, वाढायच्या एका ओगराळ्याने, म्हणजे मोठ्या पळीने, कमी केला, आणि तो अंगवळणी पडल्यावर पुन्हा अर्ध्याने. मासे रोज, पण तळलेले रविवारी. भाजी, जी त्यांच्या ताटात आजवर शोभेला असायची, ती भाताएवढी झाली. चहातली साखर पंधरा-पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत नेली आणि बिनसाखरेचा चहा कधी सुरू झाला ते जिभेला कळलंच नाही. “सवय हिसकावन घेवक गेलास तर बोंब मारता,” ते म्हणत, “हळूहळू चोरूची.” वजनकाटा घरात ठेवला नाही. महिन्यातून एकदा मासळी बाजारात जाऊन मोठ्या काट्यावर उभे राहत. तिथल्या कोळणी आकडा मोठ्याने वाचत आणि दर महिन्याला तो किलो-दीड किलोने उतरलेला असे. एखाद्या महिन्यात उतरत नसे, कधी चढतही असे. मामा म्हणत, घाटात मध्येच चढ लागतो, त्याला काय करणार.

या सगळ्याला घरातून विरोध होता तो एकट्या आजींचा. झील जेवायला बसला की त्या स्वतः वाढायला घेत आणि भात असा दाबून भरत की एका मुदीत दोन मुदी मावायच्या. वर माशाचा तुकडा झाकण म्हणून. घावन झाले की त्याच्या वाट्याचे चार जास्त, सकाळच्या फेरीहून आला की हातात लाडू. “आये, नवस फेडूचो आसा ना?” मामा विचारत. “आसा तर.” “मगे इतको भात कित्याक वाढतंस?” यावर आजी म्हणत, “उपाशी झील देवीच्या दारात घेवन जावक माका लाज नाय दिसूची?” मामी हुशार. तिने मामांचं ताट बदलून लहान आणलं. आजींनी त्या लहान ताटात भाताचा डोंगर उभा केला.

तिसऱ्या जत्रेच्या आधी मामा एके सकाळी माझ्याकडे धावतच आले. धावत, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पूर्वी ते चालत आले तरी खुर्ची शोधायचे. “मास्तरानू, जमला! मी अठ्ठ्याण्णव किलो आणि नारळ शंभर किलोवर भरले!” मी गेलो. कोळणींचा काटा पडवीत आणून त्यांनी सगळा ढीग तोलला होता. तो न सोललेल्या, सोडणासकट असोल्या नारळांचा ढीग होता. आजी जात्यापाशी बसून सगळं बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “देवी काय सोडणां खाता?” सोलून पुन्हा तोलले तेव्हा आकडा निम्म्याच्या खाली आला. माडाखाली जन्म गेलेल्या माणसाने नारळ असोले तोलावेत, हे त्या आनंदाच्या भरातच होऊ शकतं. मामा सोडणांच्या राशीतच बसले. मग म्हणाले, “माझ्यापेक्षा नारळच लवकर बारीक होतत.” आणि ते खोटं नव्हतं. एवढे नारळ पाडले जात होते, मामी स्वयंपाकासाठी बाजारातून आणत होती, तरी ढीग वाढत का नव्हता, हे त्यांना कळत नव्हतं.

मला मात्र त्याच आठवड्यात कळलं. दुपारी शाळेतून येताना कुंपणापलीकडून आजी एका बाईच्या ओच्यात नारळ घालताना दिसल्या. एक नाही, पाच. मला बघून त्या दचकल्या आणि बाई निघून गेल्यावर म्हणाल्या, “मास्तरानू, तोंडातून अक्षर काडूचा नाय.” मी म्हटलं, आजी, तुमचाच नवस, तुमचेच नारळ, मग हे काय? त्यांनी कुंपणाला हात टेकला. कोंब फुटलेले नारळ तिथे गुडघ्याएवढे वाढले होते. “नवस आसा तवसर देवीचो जीव ह्येच्यात अडाकलेलो आसा,” त्या म्हणाल्या. “तिका तिचे नारळ व्हये आसत, म्हणान ती ह्येका सांभाळता. एकदा फेडलंय की ती मोकळी झाली. मगे मी नाय, ती नाय, माज्या झिलाकडे कोण बघतला?”

तेव्हा मला त्या दाबलेल्या भाताचा अर्थ लागला. एका बाजूने ढीग रिकामा करायचा आणि दुसऱ्या बाजूने झील भरत राहायचा. म्हणजे तराजू कधी जुळणार नाही आणि देवीला लक्ष काढून घेता येणार नाही. मामा आईसाठी वजन उतरवत होते आणि आई मामांसाठी नवस लांबवत होती. मला दोघांवरही रागवायला हवं होतं, पण मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी कोणाला काही बोललो नाही. तिसरी जत्रा गेली.

आजी रोज सकाळी पडवीत बसून सहाची गाडी सुटताना बघत. आधी तोंड वेंगाडत, मग नुसत्या बघत. पुढल्या वर्षी शिमगा उलटल्यावर एका सकाळी मामा नेहमीप्रमाणे अंगणातून सुटले, तर दहा पावलांवर, घराच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, आजी काठी टेकून उभ्या. नऊवारी नेसून, केसात अबोलीची वेणी. त्यांनी एसटीला करावा तसा हात केला. मामांना काय करावं कळेना, तिथे थांबा नव्हता. “देवळापर्यंत जातलंय,” आजी म्हणाल्या, “घेतंस काय नाय?”

गाडी त्या दिवशी सव्वा तास उशिरा धावली. शाळेच्या थांब्यावर मी वाट बघून घरी परतणार होतो, इतक्यात वळणावर सगळी मंडळी मुंगीच्या पावलांनी येताना दिसली. पुढे आजी, त्यांच्या दंडाला धरून मामा, मागे गुडघेदुखीच्या बाई, पोस्टवाले आणि न बोलणारे दोघे भाऊ. मामांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. देवळात पोचल्यावर आजींनी देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या बोलतात मोठ्याने, आणि मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. “आवशी, तीन वर्सां मी तुका फसवलंय. तुझे नारळ वाटून टाकलंय. तू झिलाक सोडून जाशीत म्हणान भियालंय. आता बघलंय मी, पावस असो, शिमगो असो, हेची गाडी चुकणा नाय. ह्येका आता ह्येची काळजी घेवक येता. तू मोकळी हो, आणि माकाय मोकळी कर.” गाऱ्हाणं संपलं की म्हणायची सवयच असते, म्हणून आम्ही सगळे म्हणालो, “होय म्हाराजा.”  मामा मात्र खांबाकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर ढिगातला एकही नारळ कुंपणापलीकडे गेला नाही, आणि चौथ्या जत्रेला मामा पंच्याऐंशी किलोचे होऊन पारड्यात बसले. समोरच्या पारड्यात आजींच्या माडांचे सोललेले नारळ एकेक करून पडत गेले, मामांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि तीन नारळ उरले. आजींनी त्यातला एक मामांच्या हातात दिला आणि त्यांच्या पोटावरून हात फिरवून म्हणाल्या, “खंय गेला रे सगळा?” त्या रात्री त्यांनी झिलाला भात वाढला तो एकच ओगराळं, न दाबता. पुढे तीन महिन्यांनी, माघात, एका दुपारी झोपेतच त्या गेल्या.

लोक अजून येतात आणि मामांना गुपित विचारतात. भात कमी केला आणि थांबे वाढवले, एवढंच ऐकून नाराज होतात. त्यांना एखादं मूळ किंवा पाला हवा असतो. मामा आता चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या आसपास असतात, डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि कुंपणालगतच्या माडांना पाणी घालणंही वेळापत्रकात आलंय. मध्यंतरी त्यांच्याकडे मुक्काम होता म्हणून मी सकाळी अंगणातूनच गाडी पकडली. सहाला निघालो आणि दहा पावलांवर, बेड्यापाशी, मामा थांबले. मी पुढे गेलो होतो, तो मागे आलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. नंतर बघितलं, पुठ्ठ्यावर अंगण आणि पार यांच्यामध्ये निळ्या शाईत एक नवा थांबा लिहिलेला आहे.

“कोण येवचा आसा काय?” मी विचारलं.

मामांनी घड्याळात बघितलं. “कोण नाय,” ते म्हणाले. “थांबो आसा, म्हणान थांबूचा.” आणि पूर्ण दोन मिनिटं ते तिथे उभे राहिले.